आईच्या थोड्याच गाठी काढल्या तर चालेल का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आईचं वय ६१, पाळी जाऊन दहा वर्षं झाली आणि आता परत अंगावरून जायला लागलं म्हणून तपासलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. पहिल्या स्टेजचा वाटतोय म्हणाले. रोबोटने पिशवी काढणार आणि हिरवा डाय टाकून मोजक्याच गाठी काढून बघणार. माझ्या मावशीच्या सगळ्या गाठी काढल्या होत्या, तिचा पाय अजून सुजतो. पण आईच्या थोड्याच काढल्या तर कॅन्सर मागे राहणार नाही ना?
- एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, थोड्याच गाठी काढतायत म्हणजे काम अर्धवट सोडतायत असं नाही. पाटाचं पाणी कसं आधी पहिल्या वाफ्यात शिरतं आणि मग पुढे जातं, तसंच पिशवीकडून निघालेला कॅन्सर बहुतेक वेळा आधी ठरावीक एक-दोन लिम्फ नोडमध्ये, म्हणजे तुम्ही म्हणताय त्या गाठींमध्ये, जातो. तो पहिला नोड शोधायला गर्भाशयाच्या तोंडाशी आयसीजी नावाचा डाय टोचतात, आणि रोबोटचा कॅमेरा इन्फ्रारेडवर टाकला की डाय जिथे पोचलाय तो नोड पडद्यावर हिरवा चमकतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतला फायर्स नावाचा अभ्यास आला, त्यात रोबोटने असेच नोड शोधले आणि खात्रीसाठी बाकीचेही काढून तपासले. ज्यांच्या नोडमध्ये कॅन्सर होता आणि डायने नोड दाखवलाही होता अशा ३६ बायका होत्या, त्यातल्या ३५ जणींचा कॅन्सर त्या हिरव्या नोडनेच पकडला. शिवाय पॅथॉलॉजीत या मोजक्या नोडचे खूप बारीक काप करून बघतात, त्याला अल्ट्रास्टेजिंग म्हणतात, ढीगभर नोड असले की प्रत्येकाकडे एवढं बघणं होत नाही. आणि मावशींसारखी पायाची सूज येण्याची शक्यताही बरीच कमी होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण ती सूज आयुष्यभर सोबत राहते.

पण एक गोष्ट सर्जनना नक्की विचारा. त्याच अभ्यासात डावी-उजवी दोन्हीकडचे नोड जेमतेम ५२ टक्के बायकांमध्येच दिसले होते, मग आईच्या एका बाजूला काहीच चमकलं नाही तर काय करणार? रीत अशी आहे की डाय परत टोचून बघतात, तरी नाही दिसला तर त्या बाजूचे नोड काढतात, आणि एखादा नोड मोठा किंवा संशयास्पद वाटला तर तो हिरवा नसला तरी काढायचाच. हे उत्तर ठामपणे मिळालं तर निर्धास्त व्हा. रोबोट कुठल्या मॉडेलचा यापेक्षा हे विचारणं जास्त गरजेचं आहे, कारण तो डाय आणि तसा कॅमेरा साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनलाही वापरता येतो.

कुणी सांगेल की दुर्बिणीने केलं तर कॅन्सर परत येतो. ती भीती गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमधून आलीय, २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात तिथे पोट उघडून केलेलं ऑपरेशन सरस ठरलं होतं. आईचा आजार अस्तराचा आहे, दोन्हींची गल्लत नको.

आणि आईला आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगून ठेवा, त्या डायमध्ये थोडं आयोडाइड असतं.