वय वाढवायला गेली आणि ॲपने चेहरा मागितला

प्रश्न : ताई, माझी मुलगी १४ वर्षांची, नववीत आहे. आम्ही नेरूळला राहतो. एका समाजमाध्यमावर तिचं खातं आहे, ते आम्हाला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात मैत्रिणींचं बघून तिने जन्मसाल बदलून वय १९ करायला घेतलं. लगेच ॲपने चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला. घाबरून ती माझ्याकडे आली. व्हिडिओ पाठवलेला नाही. तो फक्त वयासाठी असतो का, की तिचा चेहरा कायमचा त्यांच्याकडे राहील? तिचे बाबा म्हणतात, फोनसुद्धा बोटाच्या ठशाने उघडतो, मग यात वेगळं काय?
– एक आई, नेरूळ

उत्तर : ती स्वतःहून तुमच्याकडे आली, म्हणून तिला अजिबात रागावू नका. पुढच्या वेळीही तिने यावं ना?

व्हिडिओ पाठवू नका, गरजच नाही. वय १८ च्या पुढे न्यायला गेली म्हणून पडताळणी आली. बदल सोडून द्या, खरं जन्मसाल राहू द्या. तुम्ही ॲपचं नाव लिहिलेलं नाही. पण इन्स्टाग्रामने अशी पद्धत २०२२ मध्ये अमेरिकेत आणि मग भारतातही आणली. त्यात योटी ही कंपनी चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधते. ही मुलगी कोण, हे कंपनी ओळखत नाही आणि काम झालं की व्हिडिओ पुसला जातो, असं सांगितलं जातं. वय ताडणं निराळं आणि माणूस ओळखणं निराळं, हे खरंच आहे. पण पुसलं की नाही, हे आपण जाऊन बघू शकत नाही. जे न देऊन काही अडत नाही, ते लेकराच्या बाबतीत तरी देऊ नये.

बाबांना सांगा, बोटाचा ठसा फोनच्या आतच, कुलूपबंद भागात असतो. बँकेच्या ॲपलाही ‘जुळला’ किंवा ‘नाही जुळला’ एवढंच कळतं. समाजमाध्यमाला पाठवलेला चेहरा मात्र घराबाहेर जातो.

मी हे कळकळीने लिहिते, कारण मी स्वतः उलटं वागले आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी गडकरी रंगायतनला आम्हा माजी विद्यार्थिनींचा कार्यक्रम झाला. त्याचे फोटो मी टाकले आणि रात्री जागून एकेका चेहऱ्यावर नाव लिहिलं. चाळीसेक जणी होत्या. एकीलाही विचारलं नाही. हौसेनेच केलं, पण तेव्हा फेसबुकची यंत्रणा अशा नावं लावलेल्या फोटोंवरूनच चेहऱ्याचं मोजमाप, म्हणजे टेम्प्लेट, तयार करत होती. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २००८ पासून कायदा आहे की लेखी संमतीशिवाय असं मोजमाप घ्यायचं नाही. तिथल्या लोकांनी दावा लावला आणि कंपनीला ६५ कोटी डॉलर देऊन तो मिटवावा लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने १०० कोटींहून जास्त लोकांची टेम्प्लेट पुसत असल्याचं जाहीर केलं. फोटो तसेच राहिले. आपल्याला फोटो दिसतो, मोजमाप कधीच दिसत नाही. तिथल्या माणसांनी विचारलं म्हणून ते उजेडात आलं.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. मुलांची माहिती वापरायला पालकांची खातरजमा केलेली संमती हवी. त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होतोय. पण संमती मागितली जाईल तेव्हा काय वाचायचं, हे आत्ताच शिकून घ्या.

मला जास्त काळजी वाटते ती चेहरा म्हातारा किंवा कार्टूनसारखा करून दाखवणाऱ्या फुकटच्या ॲप्सची. तिच्या फोनमध्ये ती असतील. नुसतं ॲप काढून टाकल्याने त्यांच्याकडे गेलेलं पुसलं जात नाही. आधी ॲपच्या आत जाऊन खातं आणि डेटा डिलीट करायचा, मगच ॲप काढायचं. हे तुम्ही करू नका. शेजारी बसा आणि तिलाच करू द्या.