जुन्या बुलेटचे पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं?

वडिलांची १९८४ ची बुलेट ३५०, सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते, पण दहा-बारा किलोमीटर चालून तापली की फटफट करून बंद पडते आणि मेकॅनिक म्हणतो पॉइंट काढून फेका, असं तुम्ही लिहिलंय. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडून-तोडून ठिणगी पाडणारी छोट्या संपर्कांची जोडी. मी सध्या तरी काही फेकू नका म्हणेन. गार असताना नीट चालते आणि तापल्यावर मरते, म्हणजे माझा पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंटमधली ठिणगी दाबणारा छोटा डबा), दुसरा कॉइलवर (प्लगसाठी व्होल्टेज वाढवते ती). पॉइंटचा नंबर त्यानंतर.

हे मी भेरूघाटात शिकलो. इंदूरहून ओंकारेश्वरला निघालो होतो, सिमरोल सोडलं आणि घाटात गाडीने मान टाकली. दिवस मावळत आला होता. पॉइंट ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं, मित्राला किक मारायला सांगितली, तर पॉइंटच्या मध्ये पिवळट-पांढरी ठिणगी चटचट उडताना दिसली. चांगल्या कंडेन्सरवर ती जेमतेम दिसते. टूलबॉक्समध्ये जुना कंडेन्सर पडून होता. तो बाहेरच वायरने बांधला, पॉइंट पॉलिश पेपरने घासले आणि रात्री आरतीच्या आधी ओंकारेश्वर गाठलं. माझा मित्र मात्र एकदा इलेक्ट्रॉनिक किट असलेल्या गाडीवर असाच अडकला. किटचं मॉड्यूल, म्हणजे पॉइंटचं काम करणारं सर्किट, गेलं होतं. उघडून बघण्यासारखं काहीच नाही, काळा डबा तो. गाडी लोडिंगच्या टेम्पोत टाकून घरी आणली.

पॉइंटचं मला आवडतं ते हेच, की बिघाड डोळ्यांना दिसतो. तुमच्या हेडलाइटवरचा अँमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा, बघा. चावी लावा, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किकने इंजिन हळूहळू फिरवा. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्ये येतो. काटा हललाच नाही तर पॉइंट मळलेत, नाहीतर कुठेतरी वायर तुटलीय. मायनसलाच चिकटून बसला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. एवढं निदान रस्त्याकडेला, फुकटात. बऱ्याच किटमध्ये इंजिन थांबलं की कॉइलचा करंट तोडला जातो, मग काटा काही बोलत नाही.

पण पॉइंटला लाड लागतात, हे खरं. त्यांची कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, पॉइंटमधला गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे सरकतं. गाडी जड चालते, सायलेन्सर तापतो. दोनेक हजार किलोमीटरला फिलर गेज घालून ०.३५ ते ०.४० मिलिमीटर बघायचं आणि कॅमला चिमूटभर ग्रीस. ज्याला हे जमत नाही, किंवा ज्याची गाडी रोज ऑफिसला जाते, त्याने इलेक्ट्रॉनिक खुशाल बसवावं. टायमिंग एकदा बांधलं की बांधलं. कंपनीनेही पुढे बुलेट इलेक्ट्रा या मॉडेलला तेच दिलं. यात कमीपणा काही नाही.

बसवणार असाल तर आधी बॅटरी बघा. ८४ ची गाडी बहुधा ६ व्होल्टचीच असेल आणि बाजारातली बहुतेक किटं १२ व्होल्टची. मग बॅटरी, बल्ब, हॉर्न, कॉइल, चार्जिंग, सगळंच बदलावं लागतं. चारशेच्या दुखण्याला कित्येक हजारांचं औषध. प्लग कॅप रेझिस्टरवालीच हवी, नाहीतर मॉड्यूल वेडंवाकडं वागतं. आणि काही किट मूळचेच ॲडव्हान्स वेट (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं) वापरतात. त्यांच्या स्प्रिंगा सैल असतील तर नव्या किटवरही किक उलटी मारेल, घोटा सांभाळा.

आणखी एक, जे मेकॅनिक सहसा सांगत नाहीत. झाकण उघडून डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट दोन बोटांनी आडवा हलवून बघा. हलला तर त्याला आधार देणारं बुश गेलंय. मग गॅप प्रत्येक फेऱ्यात बदलतो आणि शिव्या पॉइंटला बसतात. किटने तो दोष थोडा झाकला जातो, पण बुश झिजायचं थांबत नाही.

तर आधी शाफ्ट, मग नवा कंडेन्सर, मग एक लांब चक्कर, इंजिन चांगलं तापेपर्यंत. तरीही बंद पडली तर कॉइल गरम असतानाच बदलून बघा. आणि शेवटी किटच लावलं, तर जुनी पॉइंट प्लेट मेकॅनिककडे सोडू नका, घरी घेऊन या.