‘कॉलेज माझ्यासारख्यांसाठी नाही’ म्हणणाऱ्या मुलाचा आत्मविश्वास कसा वाढवावा?

मुलगा सतरा वर्षांचा, गुण बरे, तरी कॉलेज झेपणार नाही म्हणतो आणि ‘तू हुशार आहेस’ असं कितीदाही सांगून फरक पडत नाही, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्याने फरक पडणं कठीणच आहे. आईवडिलांनी केलेलं कौतुक मुलं पुराव्यात धरत नाहीत.

‘हे काम मला जमेल’ हा विश्वास कशातून येतो, याचे चार स्रोत मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली मांडले: काम स्वतः तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि धडधड किंवा घाम फुटण्याचा आपण लावलेला अर्थ. पहिला सर्वांत भक्कम. नुसता धीर पहिल्या अपयशातच विरतो.

म्हणून ‘माझ्यासारख्या’ या शब्दावर वाद घालू नका, ‘कॉलेज’चे तुकडे करा. पाऊण तासाच्या व्याख्यानाची टिपणं काढणं, अनोळखी विषयाची वीस पानं वाचून अर्ध्या पानात सार लिहिणं, शिक्षकांना शंका विचारणारा ईमेल, आठवड्याचं वेळापत्रक स्वतः आखून पाळणं. अशी आठ-दहा कामं लिहा आणि प्रत्येकापुढे त्यालाच 0 ते 100 मधला आकडा टाकू द्या: हे जमेल याची किती खात्री वाटते? बहुधा एका ठिकाणी 80 येतो, दुसरीकडे 20. सरसकट ‘जमणार नाही’ला पहिला तडा इथेच जातो.

सुरुवात 40 ते 60 वाल्या कामांपासून करा. 90 वालं जमलं तर ‘ते सोपंच होतं’ म्हणून तो मोडीत काढेल. 20 वालं फसलं तर जुनं मत पक्कं होईल, त्याचे आणखी बारीक भाग पाडा. काम त्याच आठवड्यात करायचं, निकाल आकड्याशेजारी लिहायचा, पंधरा दिवसांनी आकडा पुन्हा विचारायचा. बांडुरा आणि शंक यांच्या 1981 च्या प्रयोगात गणितात मागे असलेल्या मुलांपैकी काहींना दर बैठकीला 6 पानांचं लक्ष्य दिलं, काहींना सात बैठकींत मिळून 42 पानांचं. काम तेवढंच, पण जवळचं लक्ष्य मिळालेली मुलं जास्त शिकली आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त वाढला.

अंदाज 30 आणि कामही तसंच कच्चं निघालं, तर तो स्वतःला कमी लेखत नाहीये. ते कौशल्य शिकवायला हवं.

‘मी मठ्ठ आहे’ म्हणाला की विचारा, कुणाच्या तुलनेत? तेवढ्याच कुवतीचा विद्यार्थी हुशार मुलांच्या वर्गात असेल, तर स्वतःला कमी समजतो. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी हे 1980 च्या दशकात दाखवलं. दुसरी तुलना स्वतःशीच होते: गणित उत्तम म्हणून सरासरीहून बरी असलेली भाषाही वाईट वाटू लागते. कॉलेजात गेल्यावर भोवतीचा गट बदलतो, तेव्हा पहिल्या चाचणीत गुण घसरणं नेहमीचं आहे, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो तोच निकाल ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ म्हणून दाखवेल.

परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत पुस्तक न उघडणं हा दर वेळी आळस नसतो. अभ्यास करून नापास झालं तर दोष बुद्धीवर येतो, न करता झालं तर वेळेवर. रागावलात तर ही ढाल तो आणखी घट्ट धरेल. कुणीही गुण देणार नाही अशा दहा मिनिटांच्या छोट्या चाचण्या, त्याच्या त्यानेच तपासलेल्या, इथे जास्त उपयोगी पडतात. (झोप आणि भूक काही आठवडे बिघडलेली असेल, मित्रही तुटले असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा.)

आणि आकडे मांडण्याआधी एकदा विचारा: ‘जमेल याची पक्की खात्री असती, तर गेला असतास का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर प्रश्न आत्मविश्वासाचा नाही, आवडीचा आहे. मग त्याला काय करायचंय यावर बोला.