सुट्टीत पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीराचं काम कसं बिघडतं ते) आधीच वाचून ठेवावी का?

बीएस्सी नर्सिंगचं दुसरं सेमिस्टर संपलं आणि तिसऱ्यात पॅथॉलॉजी येणार म्हणून विचारतेयस ना? वाच, पण जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून घोकत बसू नकोस. मी तेच केलं होतं. आठवड्याभरात पेशींच्या इजेपाशीच गाडी अडली.

आधी फिजिऑलॉजीच्या जुन्या वह्या काढ. हृदय, किडनी, फुप्फुसं आणि शरीरातलं पाणी-क्षारांचं गणित एवढं पक्कं असलं तरी पुष्कळ झालं. मग एकेक आजार घे आणि दर पायरीला ‘का?’ विचार.

हार्ट फेल्युअरच बघ. डावं हृदय नीट पंप करत नाही, म्हणून रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, द्रव झिरपतो, आडवं झालं की दम लागतो. म्हणून आपण पेशंटला उशा लावून बसवतो. इकडे किडनीला रक्त कमी पोहोचतं. तिला वाटतं शरीरात पाणीच कमी आहे, म्हणून ती मीठ-पाणी धरून ठेवते आणि पाय सुजतात. दोन दिवसांत २ किलो वजन वाढलं तर ती चरबी नसते, साधारण २ लिटर पाणी असतं. रोज सकाळी वजन का करायचं, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

असे पाच-सहा आजार पुरेत: मधुमेह, दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार), किडनी फेल्युअर, सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला जीवघेणा, बेताल प्रतिसाद). कॅन्सरचं वर्गीकरण वगैरे कॉलेज सुरू झाल्यावर बघ. आणि थोडी झोपही काढून घे, पुढे क्लिनिकल पोस्टिंग आहे!