भूस्थिर रडार उपग्रह जागचा हलायलाच हवा

प्रश्न असा: रडार उपग्रह भूस्थिर कक्षेत (पृथ्वीच्याच गतीने फिरत एकाच जागेवर) ठेवला तर भारतावर कायम नजर राहील, मग चीनने २०२३ मध्ये सोडलेल्या ‘लुदी तान्सं-४’ ची कक्षा विषुववृत्ताला १६ अंश तिरकी का?

कारण अगदी स्थिर ठेवलात तर चित्रच येणार नाही. अशा उपग्रहावर सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार असतं; त्याचा लांबलचक (आभासी) अँटेना उपग्रहाच्या जमिनीसापेक्ष हालचालीतूनच तयार होतो. त्याची लांबी म्हणजे तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले विभेदनाची (चित्रातल्या सर्वांत बारीक तपशिलाची) दुप्पट. एल-बँड (तरंगलांबी २४ सेमी), अंतर ३८,००० किमी आणि विभेदन २० मीटर धरलं तर सुमारे २३० किमी. १६ अंश कलात (कक्षेच्या तिरकेपणात) विषुववृत्त ओलांडताना वेग ०.८६ किमी/सेकंद असतो, साडेचार मिनिटांत काम होतं. पण जमिनीवरचा मार्ग इंग्रजी आठसारखा असतो. त्याच्या टोकांना वेग ०.१२ वर घसरतो आणि त्याच चित्राला अर्धा तास लागतो. टोकांच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका.

कल शून्य ठेवून थोडी विकेंद्रता (कक्षेला किंचित लंबगोलपणा) देणं हा दुसरा मार्ग. ०.००१ विकेंद्रतेला उपग्रह पूर्व-पश्चिम ८४ किमी इकडे, ८४ किमी तिकडे डोलतो, वेग जास्तीत जास्त ६ मीटर/सेकंद. सी-बँडवर (तरंगलांबी सुमारे साडेपाच सेमी) १० मीटर विभेदनाला पाच तास! तेवढ्यात हवेतली वाफ बदलते, फेज (परतणाऱ्या लहरींचा ताल) बिघडतो. चित्रात इमारती आणि खडक टिकतात, वाऱ्यावर हलणारी झाडी पुसट होते. शेतीसाठी मी ही कक्षा सुचवणार नाही.

दिशेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. रडार हालचालीच्या बाजूला बघतं, म्हणजे पूर्व-पश्चिम डोलणारा उपग्रह आपल्यासाठी उत्तरेकडे बघणार. आपल्याच रेखांशावर ठेवला तर मुंबईला आपतन कोन (लहर उभ्या रेषेपासून किती तिरकी पडते तो) साधारण २२ अंश, कन्याकुमारीला जेमतेम ९. त्या कोनात जमिनीवरचं विभेदन तिरप्या अंतरातल्या (रडार ते जमीन या रेषेवरच्या) विभेदनाच्या सहापट ढोबळ होतं. दक्षिण भारत हवा असेल तर तिरकी कक्षाच घ्या (तिथे उपग्रह उत्तर-दक्षिण हलतो, म्हणून रडार पूर्व-पश्चिमेला बघतं) आणि तिचा मध्य २५-३० अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकवा.

राहिली वेळ. आपल्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर आयनोस्फियर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) खवळतं आणि एल-बँडचं चित्र फाटतं. ‘मग सकाळची वेळ ठरवून टाकू’ असं इथे चालत नाही. कक्षेचा फेरा २३ तास ५६ मिनिटांचा, त्यामुळे विषुववृत्त ओलांडण्याची वेळ महिन्याला दोन तास अलीकडे येते आणि वर्षभरात घड्याळाची पूर्ण फेरी मारते. चढता पातबिंदू (उपग्रह उत्तरेकडे जाताना विषुववृत्त ओलांडतो तो) संध्याकाळी आला की ते महिने बारा तासांनंतरचा उतरता (दक्षिणेकडे जातानाचा) पातबिंदू वापरायचा.