बहीण "सहन होते" म्हणते तेव्हा

दादा, तुमची एकोणीस वर्षांची बहीण एसएस आहे, म्हणजे तिला आई-वडील दोघांकडून आलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, दुखायला लागलं की भिंतीकडे तोंड करून पडते, विचारलं तर "सहन होते" एवढंच म्हणते. आजी म्हणते वात आहे, पुजाऱ्याकडे न्या. मग ऐकायचं कोणाचं, हा तुमचा प्रश्न. मीही एसएस आहे, माहेर-सासर दोन्ही झाडीपट्टीतलं.

आमच्याकडे सोसेल तीच बाई चांगली. रोवण्याच्या दिवसांत मी बांधीतल्या गार चिखलात दिवसभर वाकलेली असायचे. दुपारनंतर मांडीच्या हाडात ठणका सुरू व्हायचा, आधी बारीक, मग कोणी आतून लाकूड फोडतंय असा. ओळीतल्या बाया पुढे निघून जातील, आपण आळशी ठरू, म्हणून दात आवळून रोप खोचत राहायचे. गारठा, दमणूक आणि पाणी न पिणं, दुखणं उठवणाऱ्या तिन्ही गोष्टी त्या एका बांधीत होत्या. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती दुखतं? सासरे शेजारी उभे होते. "थोडंसं," म्हटलं. मग औषधही थोड्याशा दुखण्याचंच मिळालं.

म्हणून बहिणीला एकटीला विचारा, आणि आकड्यात विचारू नका. पाण्याची गुंडी उचलवेल का? पाय टेकवतो का? झोप लागली का? घानातल्या गा भाषेत या दुखण्याला 'च्वेच्वेच्वे' म्हणतात, कुरतडणाऱ्या कळेसारखाच आवाज. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. आपल्याकडे सगळ्याला वातच म्हणतात. तुमच्या घरात तिचा तिला एक शब्द ठरवू द्या. तो निघाला की कोणी उलट प्रश्न करायचा नाही.

आजीशी मात्र भांडू नका. पुजाऱ्यानं मंत्र म्हटला, आजीनं कोमट तेलाचा हात हलकाच फिरवला, गरम कापडानं शेकलं, तर बिघडत नाही. तो हात मलाही लागतो. तापल्या लोखंडाचा डाग मात्र देऊ द्यायचा नाही. बर्फ लावायचा नाही, दुखणं विसरायला मोहाची दारू तर नाहीच. ताप, छातीत दुखणं, धाप, एका बाजूची शक्ती जाणं, यातलं काहीही दिसलं तर पुजारी नंतर, दवाखाना त्याच घटकेला.

आणि डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे दुखणं वारंवार उठू नये म्हणून रोज घ्यायचं सिकलसेलचं औषध, दिलं असेल तर ती गोळी रोज आजीच्याच हातून द्या, तांब्याभर पाण्यासोबत. माझ्या सासूबाईंकडे हे काम आलं, त्या दिवसापासून घरात कोणी वाताचं नाव काढलं नाही.