३ हजाराचं आणि ४० हजाराचं कानाचं मशीन, दोन्ही आवाजच मोठा करतात ना? मग आईसाठी महाग कशाला घ्यायचं?

अगदी हेच आमचे दाजी म्हणायचे, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

नाना, म्हणजे माझे वडील, उभी हयात जळगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये होते. जिनाच्या धडधडीने कान गेले. दाजींनी ऑनलाइन एक खिशातलं मशीन मागवलं: डबी, वायर आणि आवाजाचं एक चाक. चुलत बहिणीच्या हळदीला चोपड्याकडे गेलो, तेव्हा दाजींनी ते चाक स्वतःच्या हाताने पूर्ण फिरवून दिलं. बँड सुरू झाला आणि नानांनी कान धरले, मशीन ओढून खिशात कोंबलं. पंगतीत वरण-बट्टीवर तूप वाढणाऱ्या पोराने काय विचारलं तेही कळेना. मला म्हणाले, "आवाज येस रे भाऊ, बोलनं समजस नही." यावर दाजी चार पाहुण्यांसमोर बोलले, "नानांना ऐकायचंच नाही. मशीन काय करणार?"

नाना शंभर टक्के बरोबर होते. पुढे जळगावला ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती कमी ऐकू येतं याचा आलेख, काढला तर जाड आवाजांना कान जवळपास शाबूत, आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजांना, मोठा खड्डा. कारखान्यातल्या गोंगाटाने गेलेला कान बहुतेक असाच जातो. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत ऐकू येतात. स, श, फ, ट यांची ओळख वरच्या पट्टीत असते. म्हणजे बोलण्याचा गलका पोचतो, शब्द पोचत नाही. त्यावर दाजींचं मशीन सगळंच सारखं वाढवत होतं, पंख्याची घरघरसुद्धा.

दुसरी गोष्ट, आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी गेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र तुम्हाआम्हाला लागतो तितकाच लागतो. साध्या मशीनने सरसकट ३० डेसिबल वाढवले तर ६० चं बोलणं ९० होतं, ते ठीक. १०० च्या बँडचं काय? मशीनची कमाल मर्यादा आली की ते आवाजाचा माथा छाटतं, आणि आवाज फाटतो. चांगलं डिजिटल मशीन आवाजाच्या पट्ट्या वेगळ्या करतं, ज्या पट्टीत कान कमी तिथेच जास्त वाढवतं, आणि त्यातही हळू आवाज जास्त, मोठा आवाज कमी. जास्तीचे पैसे याचे असतात. ब्लूटूथ वगैरे सोडून द्या.

आकाराचं थोडक्यात सांगतो. कानामागचं मशीन आणि मापाचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, ही जोडी जास्त बहिरेपणाला चालते. नानांसारख्या कानाला बारीक वायरचं, स्पीकर कानाच्या नळीत बसणारं बरं, कारण त्याच्या सच्छिद्र रबरी टोपीतून जाड आवाज आपसूक आत जातो, स्वतःचं बोलणं घुमत नाही. पूर्ण आत लपणारं मशीन लोक लाजेपायी घेतात. त्याची ताकद कमी, बॅटरी इवलीशी आणि मळाने लवकर बंद पडतं. चष्म्याची लाज वाटत नाही, मग याचीच का?

शेवटी नानांना ते बारीक वायरचंच घेतलं. दाजी अजून म्हणतात पैसे वाया गेले. नाना आता फोनवर नातवाशी भांडतात, यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

तरी एक सांगायला हवं: खिशातलं मशीन सरसकट वाईट नाही. माइक कानापासून लांब असल्याने कानातला आवाज फिरून माइकमध्ये शिरत नाही, म्हणून ते शिट्टी कमी मारतं, आणि थरथरत्या हातांना त्याची मोठी बटणं सापडतात. त्यातही आता डिजिटल येतात. आईचा कान वाहत असेल तर आधी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरला दाखवा. अशा कानाला कवटीच्या हाडातून कंप देणारं मशीनही लावतात, ते बाहेरचा आणि मधला कान टाळून आवाज थेट आतल्या कानापर्यंत पोचवतं. खर्च झेपत नसेल तर केंद्राच्या वयोश्री योजनेत २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना मशीन मिळतं, चौकशी करा. फुकटचं मशीनही ऑडिओग्रामप्रमाणे सेट करून घेतलं तर कामाचं. सेट न केलेलं ४० हजाराचंसुद्धा दाजींच्या डबीच्याच लायकीचं.